मागच्या दारची खुंटी

मामांना निळ्या जाड कापडाची किळस होती. नावड म्हणणं कमी पडेल, किळसच. कसबा बावड्याला साखर कारखान्यात ते फिटर होते. अंगावरची निळी डांगरी मागच्या दारच्या खुंटीला लावल्याशिवाय ते घरात पाऊल टाकत नसत. ग्रीस, घाम आणि आंबलेली मळी यांचा तिला असा वास यायचा, की सगळ्यांची जेवणं उरकल्याखेरीज मामी ती धुवायला घेत नसे. हंगामात ती इतकी कडक व्हायची, की भिंतीला टेकवली तर माणसासारखी उभी राहायची.

नव्वदच्या दशकात मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहिले, तेव्हा कोल्हापुरात जीन्सचं पेव फुटलं होतं. "पैसं दिऊन मजुराचं कापड? थू!" मामा म्हणायचे. आमच्या सरांनी एकदा सांगितलं, की मुंबईच्या डोंगरीतलं जाडंभरडं कापड साहेबानं बोटीनं नेलं आणि त्यावरून डांगरी हे नाव पडलं. जीन्सही तसलीच, अमेरिकेतल्या खाणकामगारांची विजार. मामा खूश होतील म्हणून मी जेवताना हे सांगितलं.

"म्हंजे आमचंच पाप बोटीनं फिरून आलं म्हण की!" म्हणत ते ताटावरून उठले.

"पोरानं घालू नये म्हणून मी घालतोय," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पोरगा म्हणजे संजू. तो इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरीला लागला आणि पहिल्या पगारातून घेतलेली, गुडघ्यावर फाटलेली, डागाळलेली जीन्स घालून घरी आला. मामांनी त्याला मागच्या दारातच अडवलं.

"कुठं काम करून फाटली रं?"

"फाटकीच मिळती, आण्णा. फॅशन हाय."

"आन् डाग?"

"ते बी कंपनीच पाडती."

मामा बाजूला थुंकले. "काम न करता डाग! माझी डांगरी बरी हिच्यापरीस. खुंटीला लाव, मगच आत ये."

संजू तसाच स्टँडवर परत गेला. मामा असेपर्यंत तो घरी येत राहिला, पण पाहुण्यासारखा, इस्त्रीच्या पँटीत.

मामा गेल्याचं कळलं तसा तो अंगावरच्या जीन्सवर निघून आला. पुढचं दार माणसांनी भरलं होतं. तो वळसा घालून मागं गेला, जीन्स उतरवली, मामांचा टॉवेल गुंडाळला.

"आरं, आता कोण अडवनार हाय तुला?" मामी म्हणाली.

संजूनं जीन्स खुंटीला अडकवली. खुंटीला अजून मळीचा वास होता. जीन्सला कसलाच नव्हता.