उद्धवरावांचं डबडं आणि रेणुकाबाईंची फणी

आमच्या तेलुगू मुलखातल्या जैनथकडच्या मराठी गावांत कापूसवाल्याच्या घरी दोन वस्तू हमखास सापडायच्या, एक रेडिओ आणि दुसरं पांढऱ्या पावडरीचं डबडं. पावडर पऱ्हाटीवरच्या अळीसाठी. पण उद्धवराव काही अळीपाशी थांबणारे गडी नव्हते. बाजेत ढेकूण झाले, टाक पावडर. चुलीपाशी मुंग्या लागल्या, टाक पावडर. एकदा डोक्यात उवा झाल्या तर या बहाद्दरांनी पटक्यातच चिमूटभर सोडली आणि तसेच भजनाला जाऊन बसले. त्या वासानं टाळकरी एकेक करत सरकत देवळाबाहेर गेले, तरी यांना वाटलं, आज आपलाच आवाज लागला नाही. गाव त्यांना तोंडावर पाटील म्हणायचं आणि पाठीमागं पावडरराव.

सत्त्याऐंशीच्या पौषात त्यांची कुत्री भुरी गोठ्यात व्याली. चार पिल्लं, आणि चौघांच्या अंगात पिसवा. उद्धवरावांनी काय केलं ते सांगायला नको. दुसऱ्या सकाळी बघतात तर चारही पिल्लं ताठ. बायको उठायच्या आत त्यांनी ती वावराच्या बांधावर, धुऱ्यावर नेऊन पुरली आणि घरी येऊन सांगितलं, थंडीनं गेली.

गोठ्यात पोतं अंथरायचं नेमकं त्याच दिवशी रेणुकाबाई विसरल्या होत्या. माह्याच्यानंच मेले म्हणून त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. उद्धवरावांच्या ओठांवर खरं चारदा आलं आणि चारदा त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. भित्रा माणूस हो, दुसरं काय. भुरी आठ दिवस धुरा हुंगत फिरायची, तेव्हा हे वावरात जायचे ते लांबच्या वाटेनं.

पुढच्या साली भुरीला पाच पिल्लं झाली. रेणुकाबाईंनी पदर खोचला. यंदा थंडीचं नावसुद्धा गोठ्यात शिरू द्यायचं नाही असं ठरवून त्यांनी दोन पोती टाकली, त्यावर मळणीचा भुसा, कुटार, त्यावर जुनी गोधडी आणि वरून टोपलं पालथं. भुरी बिचारी जीभ काढून बाहेर येऊन बसायची. अशा उबेत पिसवांची तर जत्राच भरली. नवव्या दिवशी रेणुकाबाईंनी टोपलं उचललं, तर पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते आणि अंग पिसवांनी नुसतं वळवळत होतं. केकाटायचं त्राण नाही. हिरड्या कापसासारख्या पांढऱ्या.

तीस वर्षं त्या डबड्याला शिव्या घालणारी बाई आज आपल्या तोंडानं म्हणाली, डबडं आणा जी. उद्धवराव म्हणाले, सापडून नाही राह्यलं. डबडं त्यांच्याच पाठीमागं कणगीच्या आड होतं आणि ते पाठ सरळ करून त्याला झाकून उभे होते. ही पाच गेली तर आता थंडीचंही नाव घेता येणार नव्हतं. त्यांनी सायकलवर टांग मारली आणि जैनथ गाठलं.

तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात तेलुगू डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकी दिवस दौलत अटेंडरचं राज्य. दौलतचा बाप उद्धवरावांच्या वावरात निंदण करून थकला आणि पोरगा दहावी होऊन सरकारी खुर्चीवर बसला. त्याच्याकडून अक्कल घ्यायची म्हणून पाटील पायरीवर जरा घुटमळले. दौलतनंच खुर्ची सरकवली. मागच्या सालची कशानं मेली ते त्यानं विचारलं. थंडीनं, म्हणाले हे. दौलतनं त्यांच्या पटक्याकडं बघितलं, नाक जरासं ओढलं आणि पुढं काही विचारलं नाही.

मग त्यानं नीट समजावलं. एवढ्याशा जिवाला पिसवांचं कुठलंच औषध आपल्या मनानं लावायचं नाही, पावडर तर निव्वळ विष. कातडी पातळ, शिवाय भुरी त्यांना चाटते, म्हणून तिच्या अंगालाही पावडर नको, कारण पिल्लं तिलाच लुचतात. पाणी कोमट घ्यायचं, साबण साधा. आधी मानेभोवती फेसाचं कडं करायचं, म्हणजे पिसवा तोंडाकडं पळत नाहीत. तोंडावर पाणी घालायचं नाही. एकेकाला धुऊन लगेच कोरडं पुसायचं, उबेला ठेवायचं आणि मग बारीक फणीनं विंचरायचं. निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची. अंथरूण सगळं उकळून उन्हात टाकायचं. डॉक्टर गारू, म्हणजे डॉक्टरसाहेब, उद्या येतात, तेव्हा भुरीला आणि पिल्लांना घेऊनच या, हिरड्या पांढऱ्या आहेत म्हणजे रक्त गेलंय.

सगळं घरात होतं. बारीक फणी मात्र आख्ख्या गल्लीत एकच, रेणुकाबाईंची. शिंगाची, आईनं लग्नात दिलेली. रविवारी गल्लीतल्या पोरी डोकी मोकळी सोडून त्यांच्यापुढं रांग लावायच्या. त्या फणीनं कुत्री विंचरायची म्हटल्यावर बाई भडकल्याच. आधी म्हणाल्या, पोरींच्या आया मला गल्लीत उभं करतील का? मग म्हणाल्या, एवढी पावडर घरात असून फणी कायले?

उद्धवराव म्हणाले, पावडर ओली झाली. मग म्हणाले, जुनी झाली. रेणुकाबाई कमरेवर हात ठेवून उभ्याच.

"सांगा ना जी, काऊन नको?"

उद्धवरावांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

"मागच्या साली थंडी नव्हती व," ते म्हणाले. "म्याच टाकली होती पावडर."

रेणुकाबाईंनी चुलीवरचं उकळतं पाणी खाली उतरवलं. मग हळूच म्हणाल्या, "सालभर ते पोतं माह्या छातीवर ठेवलं तुमी."

उद्धवरावांचे डोळे भरून आले. रेणुकाबाईंनी फळीवरची फणी काढली आणि त्यांच्या मांडीवर टाकली. पण अट घातली. विंचरायचं त्यांनीच, आणि तेही ओट्यावर, गावासमोर.

झालं! पंधरा दिवस हा मिशीवाला पाटील नाकावर चष्मा, मांडीवर पिल्लू आणि शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन ओट्यावर बसलेला. एकेक पिसू बुडवली की मोठ्यानं आकडा सांगायचे. भुरी समोर बसून त्यांच्या बोटांवर डोळा ठेवायची, तिचा विश्वास नव्हता. रविवारी आलेल्या पोरींनी विचारलं, आजोबा, आमचा नंबर कधी? डॉक्टरांनी पिल्लांना ताकदीचं औषध दिलं, भुरीला तिचं दिलं, आणि पाचही पिल्लं जगली. डबडं शेतातल्या खोपडीत गेलं ते परत घरात आलं नाही.

पोरींसाठी रेणुकाबाईंनी बाजारातून नवी फणी आणली. शिंगाची उद्धवरावांकडेच राहिली. पुढं गावात कुणाच्या कुत्रीला पिल्लं झाली, मांजर व्याली, की माणूस फणी मागायला त्यांच्याच दारात यायचा. फणी लगेच मिळायची नाही. आधी त्याला ओट्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "पह्यले ऐक. म्या चार मारले हायेत." आत भाकरी थापणाऱ्या रेणुकाबाईंचा हात तेवढ्यापुरता थांबायचा, आणि मग पुन्हा सुरू व्हायचा.