कंचेभागुबेव आणि आम्ही दोघी

नववी पास झाले आणि माझी शाळा सुटली. आई आजारी पडली होती, धाकटी भावंडं लहान होती, घरात भाकरी थापायला दुसरं कुणी नव्हतं. आमचं घर पोशेरा गावाच्या वरच्या अंगाला, शाळा खाली. वर्षभराने आई बरी झाली, पण तोवर मला शाळेची लाज वाटायला लागली होती. बरोबरच्या मुली पुढे गेल्या होत्या. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं, कारण दहावीत गणिताचे दोन पेपर असतात असं मी ऐकलं होतं.

पुढे लग्न होऊन मी दाभोशाजवळच्या पाड्यावर आले. मुलगी झाली. ती चालायला लागल्यावर मी अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले. मुलांना घरून बोलावून आणायचं, खाऊ शिजवायचा, वजनकाट्यावर बाळं ठेवायची. नोंदी मात्र सेविकाबाई करायच्या. मी काटा वाचून आकडा सांगायचे, त्या लिहायच्या. अशी चौदा वर्षं गेली.

एका जूनमध्ये खिचडीची पातेली घासताना सेविकाबाई मला म्हणाल्या, "माझी दोनतीन वर्षं उरलीत. माझ्या जागी तू यावंस असं मला वाटतं. पण दहावी पाहिजे गं."

"या वयात?"

"सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. शाळेत जायला लागत नाही, घरी अभ्यास करून परीक्षेला बसता येतं."

मी हसून विषय टाळला. पण डोक्यातून तो गेला नाही. मुलगी तेव्हा मोखाड्याच्या बाजूला आश्रमशाळेत होती आणि तीही त्याच वर्षी दहावीला होती. नवऱ्याला सांगितलं. तो वसईकडे बांधकामावर असतो, फोनवर अर्धं हिंदीच बोलतो. तो म्हणाला, "भर दे. फेल झाली तर काय, कोण बघतंय?" मी जव्हारला जाऊन फॉर्म भरला.

मुलीला दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं. ती पेटी उघडून कपडे काढत होती. हात थांबला तिचा.

"आई, तू? माझ्याबरोबर?"

"तुझ्याबरोबर कुठे? तुझं केंद्र मोखाड्याला, माझं जव्हारला."

"पण माझ्या वर्गात कुणाला सांगू नकोस हां."

मला लागलं ते. पण मी तिच्या वयाची असते तर हेच म्हणाले असते. मी म्हटलं, नाही सांगणार.

मराठी, इतिहास, विज्ञान मी वाचून काढलं असतं. गणिताचं पुस्तक मात्र उघडलं की मी परत मिटायचे. पहिल्या दिवशी मुलीने मला एकोणसाठ लिहायला सांगितलं आणि मी एकोणसत्तर लिहिलं. तिला वाटलं मी मस्करी करतेय. आमच्या घरी माझी आई विसांत मोजायची. दोन विसा, तीन विसा. साठ म्हणजे तीन विसा, त्यात पाच घातले की पासष्ट. शाळेतल्या आकड्यांची नावं मी पाठ केली होती, पण 'एकोण' आलं की माझा गोंधळ उडायचा. साठ ऐकू आलं की हात सहा लिहायचा.

मुलगी चुलीपाशी बसली, परातीतल्या भाकऱ्यांकडे बघत म्हणाली, "साठ भाकऱ्या थापल्यास. मी एक खाल्ली. किती राहिल्या?"

"एक कमी साठ."

"तेच. एकोण म्हणजे एक कमी. पुढचं नाव ऐकायचं आणि एक खाऊन टाकायची."

पंचवीस वर्षं शाळेचे आकडे वापरत होते मी, पण 'एकोण'चा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता. किंवा सांगितला असेल, मी ऐकला नसेल. त्या दिवसापासून एकोणऐंशी, एकोणतीस काहीही आलं तरी मी मनात एक भाकरी खाते.

मग आमची सवयच लागली. प्रत्येक नियमाला काहीतरी धरायला शोधायचं. काही खुणा तिच्या शाळेतल्या होत्या. कंचेभागुबेव तर सगळ्यांनाच माहीत आहे, आधी कंस, मग 'चे', मग भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मी तो शब्द नाचणी दळताना म्हणायचे. जात्याच्या फेऱ्याला तो बरोबर बसतो. सात आठे छप्पन्न माझ्या कधीच लक्षात राहायचं नाही, तर तिने पाच-सहा-सात-आठ असं ओळीने लिहून दाखवलं. पाच सहा म्हणजे छप्पन्न, ते सात आणि आठचं. नऊचा पाढा बोटांवर. साइन, कोसाइन, टॅनसाठी आम्ही 'संक, लक, संल' केलं. संमुख भागिले कर्ण, लगतची भागिले कर्ण, संमुख भागिले लगतची. पाड्यावरच्या बायकांनी मला पाणवठ्यावर संक लक संल म्हणताना ऐकलं आणि एकीने विचारलं, कुठल्या देवाचं आहे गं हे?

सगळ्यात आवडली ती हाताची खूण. डावा पंजा समोर धरायचा. करंगळी शून्य अंश, तिच्याशेजारचं बोट तीस, मधलं पंचेचाळीस, त्यापुढचं साठ, अंगठा नव्वद. तीसचा साइन पाहिजे तर तीसचं बोट मिटायचं. करंगळीच्या बाजूला किती बोटं उरली? एक. एकाचं वर्गमूळ भागिले दोन. झालं उत्तर. अंगठ्याच्या बाजूची मोजली तर कोसाइन. मुलीलाही ती कुणा मैत्रिणीने शिकवली होती. मी दोन दिवस हात उघडत-मिटत राहिले. नांदायला आल्यापासून माझे हात इतके काम करत होते, त्यांच्यात हेही आहे याचं मला नवल वाटायचं.

आणि एक खूण मी स्वतः पाठ केली होती, लहानपणापासून. ऋण ऋण धन. सातवीत बाई आमच्याकडून घोकून घ्यायच्या. सगळं विसरले तरी ते विसरले नव्हते. त्यामुळे मुलगी सुट्टी संपून गेली तेव्हा मला वाटलं, हे तरी आपल्याला येतं.

जानेवारीत आश्रमशाळेत पालकांची सभा होती. मी भाकरी-चटणी बांधून जीपने गेले. गणिताचे सर एकेका मुलीला आणि तिच्या पालकाला समोर बोलवत होते. आमचा नंबर आला. सरांनी मुलीची वही चाळली, म्हणाले, "दिवाळीनंतर हिची प्रगती चांगली आहे. सुट्टीत अभ्यास कोणी घेतला?"

सांगणार नाही असं कबूल केलं होतं ना तिला. मागे तिच्या वर्गातल्या मुली बसल्या होत्या.

मुलगीच म्हणाली, "सर, कोणी घेतला नाही. आम्ही दोघींनी केला. आईपण दहावीला आहे."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी खाली बघितलं. मुलगी मागे वळली आणि म्हणाली, "हसायला काय झालं? तिचा साइनचा टेबल पाठ आहे. तुझा आहे का?"

सरांनी मान वर केली. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "मग ताई, तुमची वही पण हिच्याकडे देऊन जा. तपासून ठेवतो."

वही माझ्या पिशवीतच होती. दिली. परतीच्या जीपमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. रडायला येत होतं, पण वाईट वाटून नाही.

पुढच्या रविवारी मुलीला भेटायला गेले तेव्हा वही परत मिळाली. जवळजवळ प्रत्येक पानावर लाल गोल होते. आणि सगळे गोल एकाच चुकीवर. उणे तीन उणे पाच, माझं उत्तर अधिक आठ. समीकरणं सोडवताना जिथे जिथे दोन उणे शेजारी आले तिथे मी छातीठोकपणे अधिक केलं होतं. पहिल्या गोलाशेजारी सरांनी लिहिलं होतं, 'ऋण ऋण धन हे गुणाकार-भागाकारात. बेरजेत नाही.'

मुलगी वही बघून चिडली. "एवढं साधं आहे आई! मी दिवाळीत तपासलं असतं तर..."

"मला येतं म्हणून मीच नको म्हटलं तुला."

"मग आता समजलं ना?"

"समजलं," मी म्हटलं, पण समजलं नव्हतं. एक नियम कधी लावायचा आणि कधी नाही हे कसं ओळखायचं? मला तर वाटायला लागलं, उरलेल्या सगळ्या खुणाही अशाच कुठेतरी फसवणार. दोन दिवस मी पुस्तकच उघडलं नाही. सेविकाबाईंना म्हटलं, हे काही माझ्याच्याने व्हायचं नाही.

त्याच आठवड्यात वजनाचा दिवस होता. एक बाई आपल्या सव्वा वर्षाच्या मुलीला घेऊन आली. कुटुंब वीटभट्टीवर गेलं होतं, मूल आजारी पडलं म्हणून ती एकटी परत आली होती. मागच्या वेळी भट्टीजवळच्या दवाखान्यात वजन केलं होतं, तेव्हा ते तीनशे ग्रॅमने उतरलेलं होतं. मी मुलीला झोळीत ठेवलं, काटा स्थिर होऊ दिला. आणखी दोनशेने उतरलं होतं.

सेविकाबाई वही उघडून म्हणाल्या, "सांग, एकूण किती?"

"पाचशे कमी," मी म्हटलं. आणि तिथेच थांबले.

आधी कमी, मग पुन्हा कमी. त्या पोरीचा दंड माझ्या दोन बोटांत मावत होता. हिचं वजन पाचशेने वाढलं असं या जगात कुणी म्हणेल का? आणि मी वहीत पानोपान तेच लिहून ठेवलं होतं.

तिला त्याच दिवशी आम्ही जव्हारच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. सेविकाबाई स्वतः बरोबर गेल्या. महिन्याभरात तिचं वजन हळूहळू चढायला लागलं. मी दर आठवड्याला तिच्या घरी चक्कर मारायचे.

तेव्हापासून दोन उणे शेजारी आले की मी आधी विचारायचे, वजन आहे का गुणाकार आहे? वजन असेल तर आणखी कमी. गुणाकार असेल तर ऋण ऋण धन. गुणाकारात ते धन का होतं हे मात्र मला अजूनही नीट कळलेलं नाही. मुलीने दोनदा समजावलं. मी मान डोलावली.

मार्चमध्ये पहिल्या पेपरला जव्हारच्या केंद्रावर गेले तर फाटकावरच्या शिपायाने अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं."

"मी पालक नाही. म्हणजे आहे, पण इथे नाही." मी हॉलतिकीट पुढे केलं. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि बाजूला झाला.

बीजगणिताचा पेपर बरा गेला. भूमितीच्या पेपरला साठ अंशाचा कोन आला. मी डावा हात बाकाखाली नेला आणि बोटं मिटू लागले. दोन मिनिटांत पर्यवेक्षक बाई माझ्याशेजारी उभ्या.

"हात वर करा. काय आहे हातात?"

मी दोन्ही पंजे पसरून दाखवले. विळ्याची एक जुनी खूण होती, बाकी काही नाही. आजूबाजूची मुलं माना वळवून बघायला लागली.

"मग खाली काय करत होता?"

"बोटं मोजत होते, बाई."

"कशाची?"

"साइनची."

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी बाकाखाली वाकून पाहिलं, माझी कंपासपेटी उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "मोजा, पण बाकावर हात ठेवून मोजा." मी सगळ्यांच्या देखत पंजा बाकावर ठेवला आणि बोट मिटलं. वर्गमूळ तीन भागिले दोन. लिहिलं.

पेपर संपल्यावर त्या बाई व्हरांड्यात माझी वाट बघत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी तक्रार. त्या म्हणाल्या, "ते बोटांचं मला दाखवता का? मी भाषेची शिक्षिका आहे. माझी मुलगी यंदा नववीत आहे." आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो आणि मी त्यांना करंगळीपासून सुरुवात करून दिली.

निकालाच्या दिवशी मुलगी घरीच होती. पाड्यावर तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती, वरच्या टेकाडावर जावं लागायचं. तिने आधी माझा नंबर टाकला. गणितात शंभरपैकी एक्केचाळीस. मी पास होते. मग तिने स्वतःचा टाकला, तिला अडुसष्ट. ती उड्या मारायला लागली आणि मी तिथेच दगडावर बसून घेतलं. नवऱ्याला फोन लावला तर त्याने मागच्या गवंड्यांना ओरडून सांगितलं, "दोनों पास!"

सेविकाबाई निवृत्त झाल्यावर मी अर्ज केला. बाकीच्या अर्जांमध्ये बारावी झालेल्या मुलीही होत्या, त्यामुळे यादी लागेपर्यंत मला खात्री नव्हती. आता मी सेविका आहे. वजनाच्या नोंदी मोबाइलमध्ये भरते, आलेख तोच काढतो. तरी मी आधी कागदावर लिहून बघते.

मुलीने अकरावीला गणित सोडलं. मला वाईट वाटलं, पण तिला नर्सिंगला जायचं होतं आणि ती गेली. गेल्या महिन्यात दुपारी मी खाऊ वाटत असताना तिचा फोन आला. रेंज अर्धवट होती, मी अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिले.

"आई, सलाइनचे मिनिटाला किती थेंब सोडायचे त्याचं सूत्र आहे. मी दर वेळी उलटं करते. उद्या तोंडी परीक्षा आहे."

"सांग बघू काय आहे."

"एकूण मिली गुणिले एका मिलीचे थेंब, भागिले मिनिटं."

"म्हणजे पाणी, थेंब आणि वेळ."

"हो. पण भागायचं कशाने तेच विसरते."

मी जरा विचार केला. म्हटलं, "पाणी आणि थेंब एका जातीचे, ते एकत्र वर बसतील. वेळ वेगळा, तो खाली. पाथें वर, वे खाली. पाथेंवे."

"पाथेंवे," ती म्हणाली आणि हसायला लागली. "काय गं आई, हे काय नाव आहे?"

"म्हणून बघ दहा वेळा."

ती म्हणू लागली. मागून तिच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीनेही तिच्या सुरात सूर मिसळला. मी फोन कानाला लावून मोजत होते. सातव्या वेळेला रेंज गेली.