दत्तारामनं ओढलेली लाइन

दत्ताराम वायरमन राहायला लालबागला, पण त्याचं नाव गिरगावात जास्त. गणपतीत तिथल्या अर्ध्या वाड्यांची रोषणाई त्याच्या हातची असायची. वायर बारीक, सांधे हातानं पिळलेले. "दहा दिवस टिकलं की झालं," तो म्हणायचा. "अकराव्या दिवशी देव मोकळा, आपण मोकळे."

फणसवाडीत अप्पांच्या घरामागे, अंगणापलीकडे जुना तबेला होता. अप्पांना आवाज साठवायचा नाद. त्यांनी परदेशी टेप मशीन आणून तिथं बसवलं, भिंतींना गाद्या ठोकल्या. वीज तेवढी नव्हती.

"घरातून लाइन ओढून दे रे."

"शंभर फूट होतील अप्पा. जाड वायर पायजे."

"मग?"

"रोषणाईची पडलीय माझ्याकडे. सध्या तीच ओढतो. मागाहून बदलू."

दत्तारामचा शिवा बावीस वर्षांचा, गिरणीत साच्यावर कापड विणायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत स्वतः रचलेले पोवाडे गायचा. बाप तोंडावर म्हणायचा, "घसा फाडून महाराष्ट्र मिळतो होय?" आणि पाठीमागं अप्पांना म्हणाला, "एकदा त्याचा आवाज धरून ठेवा."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी शिवा तबेल्यात आला तो घसा बसलेलाच. आदल्या दिवशी तीन सभा झाल्या होत्या. दत्तारामनं विजेची शेगडी त्याच लाइनीवर लावली आणि सुंठीचं पाणी उकळत ठेवलं. डोक्यावरचा दिवा पिवळा पडला.

"दत्ताराम, दिवा बघ."

"असू दे पिवळा. पोराला गरम पाणी पायजे."

"बाबा, आज एवढी माया?" शिवा हसला. "कुणी पाहिलं तर काय म्हणेल?"

"गा गपचूप."

तो गायला. लगेच टेप मागं गुंडाळून सगळ्यांनी ऐकलं. शेगडी चालूच होती. शिवा मान तिरकी करून स्वतःला ऐकत राहिला आणि म्हणाला, "बरा गातो की हा माणूस."

जानेवारीत गोळीबार झाला, त्यात शिवा गेला.

तेराव्यानंतर दत्तारामला घरात बसवेना. हातांना काम हवं म्हणून तो फणसवाडीत आला आणि राहून गेलेलं काम त्यानं पुरं केलं. जाड वायर घातली, नीट सांधे केले. जुनी उतरवून भंगारात दिली. तबेल्यातला दिवा पहिल्यांदाच लखलखीत लागला.

मग एका दुपारी तो बायकोला, सुभद्राला, घेऊन आला. तिनं हे मशीन पाहिलेलं नव्हतं. अप्पांनी टेप लावली.

आवाज आला, पण अर्ध्या पट्टीनं वर. पातळ आणि घाईघाईचा, कुणी मागं लागल्यासारखा.

"हो कोण?" सुभद्रानं आपल्या मालवणीत विचारलं.

अप्पांना उमगायला वेळ लागला. उमगल्यावर त्यांनी खाली बघतच सांगितलं. शेगडीनं वीज ओढली, बारीक वायरीतून मशीनला पुरेशी पोचेना. मशीन हळू फिरत होतं, त्यातच गाणं भरलं गेलं. आता वीज पुरी येते, म्हणून ते पळतंय.

"म्हणजे लाइन चांगली केली म्हणून," दत्ताराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सुभद्राला आणि रोषणाईच्या वायरीचं नवं भेंडोळं घेऊन आला, मशीन पुन्हा तसंच हळू फिरावं म्हणून. शेगडी पेटवली. भेंडोळं अख्खं लाइनीच्या मध्ये जोडल्यावर आवाज फारच जड निघाला, म्हाताऱ्यासारखा. दत्तारामनं दोन्ही हात पसरून दोन वाव वायर मोजली आणि कापली. आवाज थोडा चढला. आणखी कापली. अप्पा दर वेळी टेप पहिल्यापासून लावत होते.

"हाच," दत्ताराम म्हणाला. "हाच शिवा."

"नाय," सुभद्रा म्हणाली. "माझ्या झिलाचो आवाज ह्याच्याहून जड होतो."

"अगं, सभेत मी ऐकलाय. लांब उभा राहून ऐकायचो."

"सभेतलो तुमचो. घरात तो माझ्यावांगडा बोलायचो. तुमच्यावांगडा खंय बोलायचो?"

दत्तारामनं कापलेला तुकडा परत पिळून जोडला. टेप लागली. सुभद्रानं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "आता जास्तीच जड झालो." त्यानं थोडी कापली. तिला वाटलं, मघाचाच बरा होता. मघाचा म्हणजे कुठला, ते तिला सांगता येईना.

चार वाजेपर्यंत जमिनीवर तुकडेच तुकडे झाले. दत्तारामच्या बोटांना तांब्याच्या तारा टोचून रक्त आलं होतं.

"दत्ताराम, तूच आठवून सांग," अप्पा म्हणाले. "कुठल्यावर ठेवू?"

त्यानं आठवायला डोळे मिटले. घरात दारातून हाक मारणारा शिवा, सभेत गाणारा शिवा, इथं हसलेला शिवा. प्रत्येकाच्या तोंडून दुपारभर ऐकलेला कुठलातरी आवाज यायला लागला. कधी पातळ, कधी जड.

"बंद करा अप्पा," तो म्हणाला. "आणखी ऐकलं तर उरलेलाही जाईल."

सुभद्रानं मशीनवर हात ठेवला. ते गरम होतं. ती हात तसाच ठेवून उभी राहिली, आणि तिला चल म्हणायचं दोघांनाही सुचलं नाही.