चाकं बदलणाऱ्या ताई

सानपाड्यात टायरचं दुकान चालवणाऱ्या ताई चाक बसवलं की त्यावर थाप मारून म्हणतात, "जावा आता." त्याआधी मी गाडी सुरू करत नाही. एकदा केली होती, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की टायरऐवजी माझीच हवा गेली.

याच ताईंनी पंचेचाळिशीत शर्यतीच्या गाड्यांची चाकं बदलणाऱ्या टीमसाठी नाव दिलं. जागा एकच होती आणि चाचणी उलव्याच्या मैदानात. टाळ्या वाजवायला मी सहकुटुंब हजर.

समोर दोन तरणे उमेदवार होते, पण त्यांच्या आधी ताईंचं चाक बसलं. गाडी निघाली, आणि ताईंनी हात वर करून ती थांबवली. एक नट पुन्हा आवळला, मग सोडली. तोवर पहिला नंबर गेला होता.

"काय झालं, ताई?" टीमच्या प्रमुखाने विचारलं.

"माझाच नट ढिला ऱ्हायला हुता."

"कोणाला कळलं नसतं."

"डायवरला कळलं असतं की. वळणावर."

ड्रायव्हरने हेल्मेट काढलं आणि प्रमुखाला म्हणाला, "माझ्या गाडीला याच पाहिजेत."