काचेची पट्टी

त्या चर्चच्या टोकदार कमानी आणि उंच मनोरा उभारायला ब्याण्णव वर्षं लागली होती, आणि ते सगळं सांभाळण्यात मिस्त्रींची छत्तीस वर्षं गेली. दगडांचे जोड चुन्यानेच भरायचे, हा त्यांचा हेका. “सिमेंट घट्ट खरं, पण दगडाला श्वास घेऊ देत नाही. दगड गुदमरतो,” हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. बायको म्हणे, “मीच तेवढी भिंत नाही झाले, नाहीतर माझीही विचारपूस झाली असती.”

मार्चमध्ये मनोऱ्याच्या पायथ्याशी गिलाव्यावर चीर दिसली. तपासणीला आलेल्या इंजिनीयरबाई म्हणाल्या, “मनोरा कलतोय. वरचा भाग उतरवावा लागेल.”

मिस्त्रींनी मनोऱ्याकडे बोट दाखवलं. “बाई, खालचे दोन मजले कललेत, वरचा बघा, सरळ आहे. बांधतानाच जमीन खचली होती. लोक बारा वर्षं थांबले आणि मग ओळंबा लावून वरचा मजला सरळ चढवला. त्यानंतर मनोरा हललेला नाही.”

“पुरावा?”

पुरावा त्या गिलाव्याखालीच होता, पण तो दाखवायचा तर स्वतःची चूकही सांगावी लागणार होती.

सव्वीस वर्षांपूर्वी दगडातल्या जुन्या चिरेवर त्यांनी काचेची पातळ पट्टी आडवी बसवली होती आणि शेजारी खिळ्याने तारीख कोरली होती. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. पण पुढच्याच वर्षी मोठे पाहुणे येणार म्हणून भिंत झटपट गुळगुळीत करायची होती. चुना मुरवायला सवड नव्हती. मिस्त्रींनी गुपचूप काचेवरूनच सिमेंट थापलं. आजची चीर त्या सिमेंटचीच, याची त्यांना खात्री होती.

दुपारी डबा घेऊन आलेल्या बायकोला त्यांनी सगळं सांगितलं.

“म्हणजे जगाची डोकी खाल्लीत, आणि स्वतः?”

“हळू बोल गं.”

“मनोरा गेल्यावर अब्रू काय चाटायची आहे? उठा, सांगा बाईंना.”

त्यांनी सांगितलं. बाई हसल्या नाहीत. “काढा गिलावा. पण काच तडकलेली निघाली, तर माझा निर्णय कायम.”

“आणि काढताना माझ्याच हातून फुटली तर?”

“तरी कायम.”

सिमेंट हट्टाला पेटलं होतं. दोन तासांत तळहाताएवढी जागा मोकळी झाली. मिस्त्री श्वास रोखून छिन्नी चालवत होते, तशी बॅटरी धरून उभी असलेली बायको म्हणाली, “श्वास घ्या. तुमच्या दगडासारखे गुदमरू नका.”

मग एक पिवळट कागद दिसला. काचेला सिमेंट चिकटू नये म्हणून तो आपणच घातला होता, हे मिस्त्री साफ विसरले होते. त्यांनी तो नखाने सोलला. बाईंनी भिंग लावलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, पुन्हा मागे आणलं.

“अखंड आहे,” त्या म्हणाल्या. “मनोरा राहील.”

मिस्त्रींनी छिन्नी खाली ठेवली आणि तिथेच बसकण मारली.

“बाकीचं सिमेंट काढल्यावर भिंत कशाने भरणार?” बाईंनी विचारलं.

“चुन्याने. तीन आठवडे मुरवून.”

“आणि मोठे पाहुणे आले तर?” बायकोने टोमणा मारला.

“थांबतील. मनोऱ्यासाठी लोक बारा वर्षं थांबले होते.”

काच मात्र त्यांनी उघडीच ठेवली, आणि खिळ्याने कोरलेल्या जुन्या तारखेखाली त्या दिवसाची तारीख कोरली.