जगदेवी काकूचा हिरा कोणत्या हाताला

आमच्या जगदेवी काकूला लग्नानंतर इतक्या वर्षांनी हिऱ्याचं ब्रेसलेट मिळालं, अन् ते कशामुळं मिळालं तर दुष्काळामुळं. खोटं नाही सांगत. ईश्वरप्पा काकाचं उदगीरात भांड्याचं दुकान आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी काका दिवसभर गल्ल्यावर माशा मारतो. पण त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, इकडं आमच्या नळाला हवा सुद्धा येईना, अन् लोकांनी निळे ड्रम, काळ्या टाक्या, प्लास्टिकच्या कळशा, दिसंल ते उचललं. काका सकाळी देवापुढं हात जोडून म्हणायचा, "पाऊस पाड रे बाबा," अन् लगेच हैदराबादला फोन लावून ड्रमाची अजून एक गाडी मागवायचा.

मी तेव्हा बीएस्सी सेकंड इयरला होते, त्यांच्याकडंच राहायला. म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

एक दिवस काका लातूरहून आला अन् खिशातून लाल डबी काढली. काकू भाकरी थापून राहिली होती.

"काय हाय?"

"हिरा. खरा. ब्रेसलेट म्हणतेत. रोज घालायचं, कपाटात ठिवायचं न्हाई."

काकूनं पिठाचे हात तसेच वर धरून ते बघितलं, लई वेळ बघितलं, अन् विचारलं, "कोणत्या हाताला?"

हा प्रश्न काकाला दुकानात कुणी विचारलाच नव्हता. मी म्हणलं थांबा, मोबाइलवर बघते. तिथं सगळं होतं. रोजच्यासाठी घड्याळाच्या बाजूला घाला. कार्यक्रमाला जायचं असेल तर नुसतं ब्रेसलेट, बाकी मनगट मोकळं ठेवा म्हणजे हिरा उठून दिसतो. मी आपलं मोठ्यानं वाचलं!

"मोकळं मनगट?" काकू माझ्यावरच आली. "तुझा काका समोर जिता बसलाय की ग!"

"ऱ्हाऊ दे बांगड्या, ऱ्हाऊ दे," काका घाईघाईनं म्हणला.

घड्याळ काकूकडं नव्हतं, मग हिरव्या बांगड्यांच्या मधे डाव्या हाताला घातलं. ते ढिलं व्हायचं. काकाची सवयच तशी, पोराची चप्पल असो की बायकोचा दागिना, माप एक नंबर मोठंच घ्यायचं.

आता डाव्या हाताची अडचण बघा. आम्ही लिंगायत. काकू रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करते. भस्म लावायचं, थोडं पाणी घालायचं, बेलाचं पान ठेवायचं अन् नजर लिंगावर बांधून गप बसायचं. पापणी सुद्धा हलवायची नाही. पहिल्याच दिवशी काकू पूजेवरून उठली ती रडवेली होऊन. "नजर ठरंना ग! लिंगाकडं बघते, अन् डोळा घसरून मनगटावर. शिवाचं नाव घ्यायलेय अन् मोजून राहिले हिरे!" त्यात पूजेचं पाणी बोअरचं, खारं. मनगटावरून ओघळून ते हिऱ्यांवर वाळायचं अन् पांढरे डाग पडायचे. तीन-चार दिवसांत हिरे चुना लावल्यासारखे दिसाय लागले. ते धुवायला चांगलं पाणी पाहिजे, अन् चांगलं पाणी म्हणजे प्यायचं पाणी. काकूनं अर्धा तांब्या प्यायचं पाणी हिऱ्याला पाजलं अन् मग दिवसभर स्वतः कमी पाणी प्याली. मला इतका राग आला ना, पण सांगायचं कुणाला?

मग उजव्या हाताला. उजव्या हातानं भाकरी. ज्वारीचं पीठ हिऱ्यांच्या खाचेत बसायचं, वाळायचं, अन् काकू जेवण झाल्यावर सुईनं कोरत बसायची. "हिरा पोट भरून जेवतोय," म्हणायची. काढून ठेवलं की काका विचारायचा, "कुटं हाय? लोकांनी बघायचं कधी?"

अन् लोकांनी बघितलं ते टँकरच्या लाइनीत.

शेजारची रत्नम्मा पापड-शेवया करून विकते. तिचं अन् काकूचं एक ठरलेलं होतं. टँकरचा हॉर्न जिला आधी ऐकू येईल तिनं पळायचं अन् दोघींच्या कळशा ओळीत ठेवायच्या. मागची सलग दोन वर्षं ह्या एका गोष्टीवर दोन घरं पाणी पिऊन राहिली होती. काकूनं घरात काही गोडधोड केलं तरी पहिली वाटी तिकडं जायची. तर त्या दिवशी दोघी शेजारी उभ्या, काकूनं कळशी उचलायला हात पुढं केला अन् ते ढिलं ब्रेसलेट रत्नम्माच्या पदरात अडकलं. चर्र. इतकी मोठी चीर गेली पदराला.

रत्नम्मानं पदर बघितला. मग मनगट बघितलं. मग सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणली, "ड्रम आमी घ्यायचे, हिरा तुमी घालायचा. बेस हाय शेठाणीबाई."

बाया फिसकन हसल्या. काकूनं मान खाली घालून कळशी भरली. पण दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला तेव्हा रत्नम्मा एकटीच स्वतःची कळशी घेऊन पळाली. तिसऱ्या दिवशी पण. काकू घरी येऊन म्हणायची, "पाण्याचं काय न्हाई, मागच्या लाइनीत मिळतं. पण ती माझ्याकडं बघंना."

काकाला सांगितलं तर तो म्हणला, "जळतेत लोकं. जळू दे. एक मेला घालून हिंड, मग बघ."

एक मे म्हणजे काय, तर उदगीर जिल्हा होणार! हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. दरवेळी पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, एक मे आला की जिल्हा होणार असतो. पण त्या वेळी म्हणे पक्कं होतं. कृती समितीचे शिवमूर्ती काका स्वतः व्हॉट्सॲपवर पाठवत होते. चौकात मांडव पडला, गुलालाची पोती आली, अन् बायांनी डोक्यावर कळस घेऊन स्वागत करायचं ठरलं. कळस अर्थातच काकाच्या दुकानातले. कळसात पाणी पाहिजे, तर पाणी कुठलं, म्हणून सगळ्यांनी तांदूळ भरले.

काकूला मीच तयार केलं. इरकल लुगडं, हिरवा चुडा, नाकात नथ, अन् मधोमध ब्रेसलेट. उठून दिसत होतं, खोटं कशाला बोलू. काकानं तिला सगळ्यात पुढं उभं केलं. फोटोत मनगट यावं म्हणून कळस उजव्या हातानं धर म्हणला. रत्नम्मा मागच्या ओळीत, आमच्याकडं पाठ करून.

मुंबईहून बातमी येणार होती. सगळे मोबाइलकडं डोळे लावून बसलेले. ऊन चढलं. बातमी आली नाही. टँकर आला.

हॉर्न वाजला अन् काय सांगू! मागची ओळ कळसासकट पळाली. तांदूळ रस्त्यावर, गुलालात पाय, कुणी कळसच टँकरखाली धरायला निघाल्या. काकू पण वळली, तर काका म्हणला, "थांब, फोटो ऱ्हायलाय! जिल्ह्याचा फोटो हाय!" काकू थांबली. फोटो झाला. आम्ही गल्लीत पोचलो तेव्हा नुसती ओली नळी लोंबत होती.

जिल्हा पण नाही, पाणी पण नाही.

घरी आल्यावर काकूनं ब्रेसलेट काढलं अन् काकाच्या पुढ्यात ठेवलं. मला वाटलं आता भांडण. पण ती शांतपणे म्हणली, "मी जलमभर घालते. पण आदी आठ दिवस तुमी घालून दुकानात बसा."

"मी? गडीमाणूस?"

"तुमच्या मापाचंच आणलंय की."

काका हट्टी. घातलं. अन् खरंच त्याला फिट्ट बसलं! माझं हसू थांबंना.

पहिल्या दिवशी काका गल्ल्यावर हात पुढं ठेवून बसला. देवणीचा एकजण बैलाला पाणी ठेवायला ड्रम घ्यायला आला. काकानं भाव सांगितला. तो म्हणला, "आप्पा, ह्या हातानं भाव सांगू नका. दुसऱ्या हातानं सांगा." काकाला कमी करावं लागलं. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट मोंढ्याच्या बाजारात पोचली. जो येईल तो आधी मनगट बघायचा, मग घासाघीस करायचा. "हिरा झाला आता, आमचं बी काही बघा." शिवमूर्ती काका आले, म्हणले, "ईश्वरप्पा, जिल्ह्यासाठी पुन्हा आंदोलन करायचंय. पहिली वर्गणी तुमची." ह्या हातानं नाही कसं म्हणणार? रत्नम्मा पण आली. तिनं ड्रम मागितला, मनगटाकडं बघितलं, अन् पदर तोंडाला लावून इतकी हसली की खाली बसली. काकानं तिला ड्रम जवळजवळ फुकटच दिला, फक्त ऊठ म्हणून.

पाचव्या दिवशी काका दुपारीच घरी आला. "उन्हानं हाताला खाज सुटली," म्हणला अन् ब्रेसलेट काढून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. काकूनं ताक वाढलं.

एवढ्यात बाहेर हॉर्न, अन् दार धाडधाड वाजाय लागलं.

"अगं ए, नवऱ्याला नटवून झालं आसंल तर कळशी दे की! नंबर जाईल!" रत्नम्मा. दारातूनच ओरडून राहिली.

काकूच्या हातातला पळा तसाच पडला. कळशी घेऊन ती अनवाणीच पळाली, चपला सुद्धा घातल्या नाहीत. मी दुसरी कळशी घेऊन मागं.

"अगं अन् हे?" काका ताटावरून ओरडला. "ह्याचं काय करायचं?"

"ऱ्हाऊ द्या तितंच," काकू गल्लीतून म्हणली. "आलं की बघू."