सदूची अर्धा इंच कमी छाती

तार नागपूरला धरमपेठेत माझ्या घरी आली, कारण पलटणीच्या कागदावर पत्ता माझा होता. भाचा पारशिवनीचा, पण लिहिता-वाचता येणारा मामा मी, शिवाय पुढे पुढे करण्याची खोडही माझीच. सदू ब्रह्मदेशात लढाईत पडला, एवढंच त्या तारेत होतं. वय एकोणीस. त्या तारेला आता दोन महिने झाले. तार घेऊन मी पारशिवनीला गेलो, ताईला वाचून दाखवली, आणि एक गोष्ट मात्र तेव्हाही पोटातच ठेवली...

आमच्या घरात गोष्टी सांगणारा मी. लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की मला मध्ये बसवतात. माझ्या गोष्टीतला वाघ दरवर्षी हातभर वाढतो, हे बायकोनं चारचौघांत मोजून दाखवलं आहे. सदू हा माझा सगळ्यात भाबडा श्रोता. "मामाजी, मग वाघ काय बोलला?" असं त्यानं विचारलं की मी वाघालाही बोलायला लावायचो.

पायदळात जायचं त्यानं मनात घेतलं तेव्हा ताईनं मला बोलावलं. "तुले बोलता येते. साहेबाले सांग, एकच लेकरू आहे म्हणून. परत घेऊन ये गा त्याले." मी कबूल केलं. कामठीला भरतीच्या मैदानावर मला तोंड उघडावंही लागलं नाही. हवालदारानं फीत लावली आणि म्हणाला, "सीना आधा इंच कम है, बाबूजी. ले जाओ." काम झालं होतं. पण मागची पोरं हसली, सदूची मान खाली गेली, आणि मला राहवलं नाही. "हवालदारसाब, इस लडके ने बीमार माँ को पीठ पर उठाके नदी पार की है, गले तक पानी में!" ताई तापानं फणफणली होती, डोंगा बंद होता, पोरानं तिला पाठीवर घेऊन वैद्याकडे नेलं, हे खरं. हवालदारानं पुन्हा फीत लावली. सदूनं श्वास ओढला की हवालदारानंच फीत सैल धरली, देव जाणे. या वेळी छाती भरली. सदूनं माझ्याकडे पाहिलं, वाघ बोलल्यावर पाहायचा तसं.

ताईला म्हणालो, "साहेबाले लई सांगितलं, ऐकलंच नाही." तेव्हापासून ती गावभर सांगत सुटली, भावानं किती हात जोडले म्हणून. तेराव्यालाही तेच. मी मान खाली घालून ऐकत बसलो. उठून जाणार कुठं?

त्यानंतरच्या एका रविवारी ती तूर पाखडत होती. मी तिला कामठीचं सगळं सांगून टाकलं. सूप थांबलं.

"पाणी कमरेएवढं होतं," ती म्हणाली. "माहा पदरही भिजला नव्हता."

मग सूप खाली ठेवत, "कमरेएवढं सांगतलं असतं, तर घेतलं असतं काय गा त्याले?"

मी सांडलेले तुरीचे दाणे वेचू लागलो.

तेवढ्यात शेजारच्या दोघी आल्या. मी चपला शोधू लागलो. "बस," ताई म्हणाली. "सदूनं मले कसं नेलं ते या बायायले सांग." आयुष्यात पहिल्यांदा मी मोजूनमापून सांगू लागलो... पाणी कमरेएवढं.

"तसं नाही," तिनं मध्येच थांबवलं. "त्या हवालदाराले सांगतलं तसं सांग."

आता दर रविवारी ती निरोप धाडते. बाया जमतात. मी पाणी गळ्यापर्यंत चढवतो आणि ताई डोळे मिटून ऐकते.